बाईकवर इयरप्लग: पहिल्यांदा घालणाऱ्यांसाठी

मी चाकणला एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे यंत्राने पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या विभागात, काम करतो. शॉपच्या दारातच इयरप्लगची पेटी लावलेली आहे आणि कानात प्लग नसेल तर सुपरवायझर आत पाऊल टाकू देत नाही. दहा वर्षं मी हा नियम पाळला. त्याच दहा वर्षांत सुटीच्या दिवशी पुणे-कोल्हापूर, पुणे-नाशिक, कधी आंबोलीमार्गे गोवा अशा फेऱ्या मात्र उघड्या कानांनी मारल्या. कंपनीच्या वार्षिक तपासणीत कानांचा आलेख काढतात. एका वर्षी दोन्ही कानांची रेघ ४,००० हर्ट्झच्या, म्हणजे बारीक आवाजांच्या, जागी खाली उतरलेली दिसली; तिथे ऐकू कमी येत होतं. डॉक्टरांनी विचारलं, "शॉपमध्ये प्लग घालता ना?" म्हटलं, रोज घालतो. "मग बाहेर काय करता?" बाईकचं नाव निघाल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि पुढची दहा मिनिटं मला समजावून सांगितलं.

तेव्हापासून सोबत फिरणाऱ्या प्रत्येकाला मी प्लग घालायला दाखवत आलो आहे. एक गोष्ट वारंवार दिसते. लोक एकदा प्लग घालून बघतात, "काही फरक पडत नाही" किंवा "कान दुखतो" म्हणतात आणि सोडून देतात. यात दोष बहुतेक वेळा प्लगचा नसतो, तो घातलेलाच नीट नसतो. म्हणून या लेखात घालण्याच्या पद्धतीवर मी जास्त वेळ थांबणार आहे.

आधी आवाज कुठला ते ओळखा

आपण तक्रार करतो ती सायलेन्सरची आणि हॉर्नची. पण चालवणाऱ्याच्या कानाला मोठा मार बसतो तो वाऱ्याचा. ताशी ६०-६५ किलोमीटरपर्यंत इंजिन आणि रहदारी ऐकू येते. त्यापुढे हेल्मेटभोवती फाटत जाणारी हवा सगळ्यांवर मात करते. ती हवा मानेजवळच्या पोकळीतून आत शिरते आणि थेट कानाशी घोंगावते. हेल्मेट डोकं वाचवण्यासाठी बनवलेलं असतं. चांगलं, घट्ट बसणारं, आयएसआय मार्कचं फुल फेस हेल्मेट घातलं तरी हा आवाज थोडाच कमी होतो.

महामार्गावर दुचाकीची वेगमर्यादा ताशी ८० आहे. तेवढ्या वेगातही हेल्मेटच्या आत ९० डेसिबलच्या पुढे आवाज असतो. शंभरला तो ९५ ते १०० च्या घरात जातो. आता कारखान्याचा नियम बघा. आठ तासांच्या पाळीला मर्यादा ९० डेसिबल. अमेरिकेतली नायॉश ही संस्था याहून कडक आहे. तिच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला पंधरा मिनिटं.

कात्रजचा नवा बोगदा सोडला आणि खंबाटकी ओलांडून सुरूर फाट्याला आलात की साधारण एक तास होतो. कोल्हापूर अजून दीडशे किलोमीटर लांब असतं आणि कानाची त्या दिवसाची शिदोरी तिथेच संपलेली असते. परतीचा प्रवास तर मी धरलेलाच नाही.

कानाच्या आतल्या शंखात साधारण पंधरा हजार केसपेशी असतात. जन्माला येताना मिळतात तेवढ्याच. माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. सतत मोठा आवाज बसला की आधी ३,००० ते ६,००० हर्ट्झ ऐकणाऱ्या पेशी जातात. स, श, थ, ख यांसारखे बारीक आवाज याच पट्ट्याच्या आसपास राहतात. म्हणून बहिरेपण आलं तरी कळत नाही. घरातली वडीलधारी म्हणतात ना, "आवाज येतो, पण काय बोलतात ते कळत नाही." सुरुवात तिथून होते, आणि बायका-मुलांचं बोलणं आधी निसटतं.

घरच्या घरी एक पडताळणी करा. फेरीला निघण्याआधी शांत खोलीत मोबाईलवर बातम्या लावा आणि शब्द जेमतेम कळतील इतका आवाज ठेवा. किती रेघांवर आहे ते लक्षात ठेवा. संध्याकाळी परत आलात की त्याच खोलीत, तेवढ्याच आवाजावर ऐका. शब्द कळत नसतील किंवा कानात बारीक शिट्टी वाजत असेल तर कान थकले आहेत. बहुतेकदा रात्रीत किंवा दुसऱ्या दिवशी ते पूर्ववत होतात. असं पुन्हापुन्हा होत राहिलं की एक दिवस ते पूर्ववत होत नाहीत.

कोणता प्लग घ्यायचा

पहिल्यांदा घेणाऱ्याने साधा फोमचा घ्यावा, माझं मत ठाम आहे. दहा-वीस रुपयांना जोडी मिळते, त्यामुळे दोन-तीन प्रकार घेऊन बघता येतात. मुंबईत नागदेवी स्ट्रीट, आणि कुठल्याही गावात एमआयडीसीच्या आसपास सेफ्टी शूज-हातमोजे विकणारं दुकान असतं, तिथे विचारा. ऑनलाइन पन्नास किंवा शंभर जोड्यांचा डबाही मिळतो. चार मित्रांत तो वाटून घेणं परवडतं.

आकाराचं भान ठेवा. टोकाकडे निमुळते होणारे, हाताला मऊ लागणारे प्लग घालायला सोपे जातात. सरळ नळकांड्यासारखे पिवळे प्लग कारखान्यात खूप दिसतात, पण ते जरा कडक असतात आणि बारीक नळीच्या कानात टोचतात. कानाच्या नळीचा आकार माणसागणिक वेगळा असतो. माझ्या बायकोला नेहमीचे प्लग दुखायचे, लहान आकाराचे आणल्यावर तक्रार मिटली. काहींचे तर डावा आणि उजवा कानही सारखे नसतात.

पाकिटावर एनआरआर किंवा एसएनआर असा आकडा छापलेला असतो. प्लग किती डेसिबल आवाज कमी करतो ते तो सांगतो. पहिली पद्धत अमेरिकेची, दुसरी युरोपची. दोन्ही आकडे एकमेकांशी ताडून बघू नका, मोजण्याची रीत वेगळी आहे. आणि छापलेला आकडा प्रयोगशाळेतला असतो. रोजच्या वापरासाठी अमेरिकेतला सुरक्षा विभाग असा हिशेब लावतो: एनआरआरमधून ७ वजा करा आणि उरेल त्याचं निम्मं धरा. २९ चा प्लग असेल तर ११ डेसिबल. हेल्मेटमधले ९७ वजा ११, म्हणजे ८६. अर्ध्या तासाची मुभा सहा तासांवर जाते. हा ढिसाळ घालणाऱ्यांना धरून केलेला हिशेब आहे. तोच प्लग खोलवर आणि नीट बसवला तर वीस डेसिबल किंवा त्याहूनही जास्त फरक पडू शकतो. महागडा प्लग आणण्यापेक्षा हात बसवणं जास्त उपयोगाचं, ते यामुळे.

फिल्टरवाले सिलिकॉनचे प्लगही मिळतात, हजार रुपयांच्या पुढे. वाऱ्याची घरघर दाबून बोलणं जरा मोकळं सोडावं अशी त्यांची रचना असते. फोम वळण्याची कटकट नाही, धुऊन पुन्हा वापरता येतात. वर्षभर फोमची सवय झाली की मग त्यांचा विचार करा. कानाचा साचा घेऊन खास बनवलेले प्लग सगळ्यांत आरामशीर, पण तो खर्च वर्षाला हजारो किलोमीटर चालवणाऱ्यांनीच करावा.

कापसाचा बोळा, मफलर, कानटोपी यांनी थंडी अडते. आवाज फारसा अडत नाही. आणि इयरफोन घालून गाणी लावणं म्हणजे वाऱ्यावर मात करायला आवाज आणखी चढवणं, तो प्लगला पर्याय नाही.

घालायचा कसा

हे पहिल्यांदा पेट्रोल पंपावर, हेल्मेट हातात धरून करू नका. घरी पलंगावर बसा. दोन-तीन संध्याकाळी पाच-पाच मिनिटं दिलीत तरी हात बसतो.

१. हात स्वच्छ धुऊन कोरडे करा. चेन साफ केलेल्या बोटांनी वळलेला प्लग थेट कानात जातो आणि तिथे खाज, सूज सुरू होते.

२. प्लग अंगठा आणि दोन बोटांत धरून वळा. फुलवातीसारखा बुटका गोळा नको. समईत घालायची लांब वात वळतो तसा बारीक आणि एकसारखा वळायचा. हलक्या हाताने सुरुवात करा आणि हळूहळू दाब वाढवा. एकदम दाबलं तर प्लगला घडी पडते, आणि त्या घडीतून आवाज आत येतो. माझ्या अनुभवात नवख्यांची निम्मी फसगत इथे होते.

३. उजव्या कानात घालायचा असेल तर प्लग उजव्या हातात. डावा हात डोक्यावरून पलीकडे न्या आणि कानाचा वरचा भाग धरून वर आणि मागे ओढा. ही पायरी वगळू नका. कानाची नळी सरळ नसते, तिला वळण असतं. कान ओढल्यावर ती सरळ होते आणि वात सहज आत सरकते. कान न ओढता घातलेला प्लग दारातच अडकून फुगतो.

४. वळलेला प्लग लगेच आत सरकवा, फोम फुगायला लागण्याआधी. नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते आणि प्लगचं मागचं टोक बाहेरच राहतं, त्यामुळे पडद्याला लागेल ही भीती नको. मात्र दुखायला लागलं तर तिथेच थांबा.

५. आता बोटाचं टोक प्लगवर ठेवून तीस आकडे मोजा, घाई न करता. फोम आतल्या आत फुगत असतो. बोट काढलं तर तो स्वतःलाच बाहेर ढकलतो. मोजताना आजूबाजूचा आवाज हळूहळू लांब जाताना जाणवेल.

६. दुसरा कान, हात बदलून.

बरोबर बसला का, हे तीन प्रकारे बघा. मोठ्याने "एक, दोन, तीन" म्हणा. स्वतःचा आवाज डोक्यात घुमल्यासारखा, रिकाम्या रांजणात बोलल्यासारखा वाटला पाहिजे, दोन्ही बाजूंना सारखा. मग दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबा आणि सोडा. दाबल्यावर आणि सोडल्यावर फारसा फरक जाणवला नाही तर प्लग नीट बसला आहे. फरक जाणवला तर आवाज अजून आत येतोय. शेवटी आरशात समोरून बघा. प्लगचं टोक कानाबाहेर ठळक दिसत असेल तर तो पुरेसा आत नाही. काढा आणि पुन्हा वळा. अर्धवट बसलेला प्लग बोटाने ढकलून ढकलून आत जात नाही.

हेल्मेट घालताना

पट्टे दोन्ही बाजूंना ताणून हेल्मेट रुंद करा आणि सरळ खाली आणा. घाईने घातलं की आतलं अस्तर कान दुमडतं आणि बसवलेला प्लग सैल करतं. हेल्मेट घातल्यावर जबडा दोन-तीनदा उघडमिट करा. एका बाजूचा आवाज मोकळा झाला असं वाटलं तर हेल्मेट काढून तो प्लग पुन्हा घाला. कंटाळा येतो, पण एका कानात सैल आणि एका कानात घट्ट असं तीन तास चालवणं फार त्रासाचं असतं.

तासाभराने कान दुखत असेल तर बहुधा प्लगचं टोक बाहेर राहून अस्तर त्याला आत दाबत असतं. टोक जास्तच बाहेर राहत असेल तर छोट्या आकाराचा प्लग बघा. चष्मा सगळ्यात शेवटी.

मानेभोवती पातळ बफ (गळ्यात घालायचं नळीसारखं कापड) घातला तर खालून येणारी हवा अडते, वाऱ्याची घरघर बरीच बसते. बाईकला छोटी विंडशील्ड असेल तर उलट त्रासही होऊ शकतो. तिच्या वरच्या कडेवरून उसळलेली हवा थेट हेल्मेटवर आदळते. चालवताना, सुरक्षित जागी, क्षणभर किंचित उभे राहा. आवाज एकदम स्वच्छ झाला तर दोष विंडशील्डच्या उंचीत आहे.

पहिली फेरी

ओळखीचा, मोकळा रस्ता निवडा. वीस-तीस किलोमीटर पुरेत.

निघण्याआधी, प्लग न घालता, गाडी सुरू करून ऐका. चेनची खरखर, टॅपेटचा आवाज, ब्रेक घासल्याचा आवाज, हे सगळं तेव्हाच तपासून घ्या. मग प्लग.

गाडी पळायला लागली की पहिल्यांदा वाटेल, आपण फार हळू चाललोय. वेगाचा अंदाज आपण नकळत वाऱ्याच्या आवाजावरून बांधत असतो. तो आवाज गेल्यावर काटा ८० वर असताना ६० वाटतं. म्हणून पहिले काही दिवस स्पीडोमीटरकडे मुद्दाम बघत राहा. गिअर कधी बदलायचा हेही कानाऐवजी हाताला आणि पायाला जाणवणाऱ्या थरथरीवरून ठरवायला शिकावं लागतं. दोन फेऱ्यांत जमतं. इंडिकेटर चालू राहिल्याची टिकटिक मात्र ऐकू येणार नाही. वळण झालं की बटण दाबायची सवय लावून घ्या.

"मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न ऐकू आला नाही तर?" हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि तो रास्त आहे. प्लग वारा आणि हॉर्न दोन्ही कमी करतो. पण वाऱ्याच्या शंभराच्या आसपासच्या गोंगाटात उघडा कानही हॉर्न धड ओळखत नाही. गोंगाट खाली आणल्यावर कान दबून जात नाही आणि त्यातला वेगळा आवाज ओळखू येतो. ज्यांची श्रवणशक्ती चांगली आहे त्यांना मोठ्या गोंगाटात प्लग घालून ऐकणं सोपंच जातं. ज्यांना आधीपासून कमी ऐकू येतं त्यांच्या बाबतीत हे खरं असेलच असं नाही. त्यांनी डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. आणि कान उघडे असोत वा झाकलेले, आरशात बघणं सुटत नाही.

गावातल्या रहदारीत, चाळीसच्या आत, मी प्लग घालत नाही. तिथे वारा नसतो. रिक्षा, सायकल, बाजूने घुसणारा स्कूटरवाला यांची चाहूल कानाला आधी लागते. नवख्यांनीही शहर ओलांडून महामार्गाला लागताना थांबून घालावेत. माझी जागा कात्रजच्या अलीकडचा पंप. तिथे पेट्रोल भरलं जातं आणि प्लगही बसतात. पण क्रम उलटा नको, आधी पेट्रोल. प्लग घालून पंपावर गेलं तर पंपावरचा मुलगा "झिरो बघा" म्हणालेलं कळत नाही. आणि आपला आवाज आपल्यालाच मोठा वाटतो, म्हणून आपण इतकं हळू बोलतो की समोरचा "काय?" म्हणत राहतो.

नाकाबंदीला एखाद्या हवालदाराला ते इयरफोन वाटू शकतात. हेल्मेट काढा, प्लग काढून दाखवा. वायर नाही, गाणी नाहीत, हे पाहिल्यावर मला तरी आजवर कुणी अडवलेलं नाही. परदेशात चालवणाऱ्यांनी तिथला कायदा बघावा. कॅलिफोर्नियात दोन्ही कानांत काही घालून गाडी चालवायला मनाई आहे, पण घातक आवाज कमी करणाऱ्या प्लगना सूट आहे, सायरन आणि हॉर्न ऐकू येत असतील तर.

काढताना आणि नंतर

नीट बसलेला प्लग एकदम ओढू नका. आत पोकळी तयार होऊन पडद्यावर ताण येतो. टोक धरून हळूहळू पिळत, फिरवत बाहेर आणा म्हणजे हवा आत शिरते. चहाला थांबलात की काढून झाकणाच्या छोट्या डबीत ठेवा. खिशात सुटे टाकलेले प्लग धूळ आणि सुपारीचे कण घेऊन पुन्हा कानात जातात. एक जास्तीची जोडी डबीत असू द्या, घाटातल्या टपरीवर एक प्लग खाली पडणं हे हमखास घडतं.

फोमचे प्लग स्वच्छ राहिले तर दोन-चार वेळा चालतात. कडक झाले, मळले किंवा वळल्यावर पुन्हा फुगत नाहीत, असं दिसलं की टाकून द्या. सिलिकॉनचे कोमट पाण्यात साध्या साबणाने धुऊन पूर्ण वाळवा. पावसाळ्यात जास्त जपा. आपल्याकडच्या दमट हवेत कानात बुरशी धरण्याचं प्रमाण तेव्हा वाढतं. ओल्या कानात ओला प्लग म्हणजे तिला आयतं घर. ताम्हिणीत भिजून आलात तर आधी कानाचा बाहेरचा भाग टिपून घ्या.

कान वाहत असेल, दुखत असेल, पडद्याला छिद्र असेल किंवा नुकतंच कानाचं ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही आत घालू नका. मळ जास्त साठणाऱ्यांनी तो डॉक्टरांकडून काढून घ्यावा. काडीने काढायला जाल तर तो आणखी आत जातो, आणि मागोमाग प्लग त्याला ठासतो.

मागे बसणाऱ्याचं काय, हा विचार फार कमी जण करतात. पिलियनचं डोकं आपल्या हेल्मेटवरून उसळलेल्या हवेत असतं. त्या व्यक्तीलाही तेवढेच तास तोच आवाज सोसावा लागतो. आमच्या घरी आता दोन डब्या असतात, बायकोची हिरवी आणि माझी निळी. हेल्मेटमध्ये इंटरकॉम असेल तर प्लग घालूनही बोलणं ऐकू येतं, बऱ्याच जणांना आधीपेक्षा स्पष्ट. फक्त सवय होईपर्यंत आवाजाचं बटण वर चढवत नेऊ नका, बोलणं कळेल तिथेच थांबा.

लांबच्या फेरीनंतर कानातली शिट्टी दोन दिवसांत गेली नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. आणि एका कानाने अचानक ऐकू येणं बंद झालं किंवा खूपच कमी झालं, तर ते बाईकमुळे असो वा नसो, वाट बघू नका. त्यावर औषध आहे, पण ते पहिल्या काही दिवसांतच नीट लागू पडतं. शक्य असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.